उसातला बिबट्या आणि आपण

मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला. वनखात्याने त्याला बेशुद्ध करून सुखरूप पकडले. खेड-जुन्नर भागात बिबट्या आता उसातच राहतो. तेथे त्याला दाट आडोसा, पाटाचे पाणी आणि वस्तीवरची कुत्री मिळतात. मादी तेथेच विते. ऊसतोडणीत हा आडोसा जातो, म्हणून ते दिवस अधिक जोखमीचे.

वाकलेला वा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा भासू शकतो. रात्रपाळीहून परतताना किंवा पिकाला पाणी द्यायला जाताना सोबत व बॅटरी असावी, मोठ्याने बोलावे. समोर आल्यास पळू नये. पाठ न दाखवता सावकाश मागे सरावे. बछडी उचलू नयेत, मादी जवळच असते. १९२६ वर वनखात्यास कळवावे. जमाव जमवून दगड मारल्याने मात्र भेदरलेला बिबट्या माणसावरच उलटतो.