पावले मोजणारे घड्याळ खरे काय मोजते?

समजा तुमच्या वर्गातील एक मुलगा आणि एक मुलगी यांच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ आहे. मुलगा पायी शाळेत येतो. मुलगी ४ किलोमीटर सायकल मारून येते आणि तेवढीच मारून घरी जाते. संध्याकाळी मुलाच्या घड्याळात ८,००० पावले दिसतात, मुलीच्या घड्याळात अवघी ३,०००. मुलगी हिरमुसते. पण तिने खरोखरच कमी व्यायाम केला काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी दुसरा एक प्रश्न विचारला पाहिजे. हे घड्याळ नेमके काय मोजते?

माळेतील मणी

पावले मोजण्याची कल्पना जुनीच आहे. १८६५ साली कुमाऊँच्या डोंगराळ भागातील नैनसिंग रावत हे शिक्षक भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कामगिरीवर तिबेटात निघाले. तिबेट त्या काळी परक्यांना बंद होते, त्यामुळे मोजणीची साखळी घेऊन जाणे शक्य नव्हते. म्हणून नैनसिंगांना ठराविक लांबीचे पाऊल टाकण्याचा सराव देण्यात आला. सुमारे २,००० पावलांना एक मैल, असे ते प्रमाण होते. हातात जपमाळ होती, पण तिच्यात नेहमीच्या १०८ मण्यांऐवजी १०० मणी होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. पूर्ण माळ झाली की १०,००० पावले, म्हणजे सुमारे ५ मैल. अशा रीतीने अंतरे मोजीत १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले.

नैनसिंगांना आपले साधन पूर्ण ठाऊक होते, हे येथे ध्यानात घ्यावे. पाऊल किती लांब, माळेत मणी किती आणि चूक कोठे होऊ शकेल, हे त्यांना माहीत होते. आपल्या मनगटावरील साधनाविषयी आपल्याला तेवढी माहिती असते काय?

एस.टी.तील उभा प्रवासी

एस.टी.ने अचानक ब्रेक लावला की उभा प्रवासी पुढे झुकतो, आणि गाडी एकदम सुटली की मागे रेलतो. गाडीच्या खिडक्या बंद असल्या तरी त्या प्रवाशाकडे पाहून गाडीचा वेग केव्हा बदलला हे सांगता येईल. मोबाइलमध्ये आणि घड्याळात असाच एक ‘प्रवासी’ बसविलेला असतो. सिलिकॉनच्या अतिशय बारीक स्प्रिंगांनी तोललेला हा सिलिकॉनचाच एक सूक्ष्म तुकडा असतो. उपकरणाला हिसका बसला की तो किंचित सरकतो. त्याच्या व शेजारच्या स्थिर पट्ट्यांच्या मधील अंतर बदलते, त्यामुळे विद्युत् धारकता बदलते, आणि त्यावरून त्वरण काढले जाते. या साधनाला त्वरणमापी म्हणतात.

आपण चालताना शरीर प्रत्येक पावलागणिक थोडे वर उचलले जाते व खाली येते. त्वरणाचा आलेख काढला तर त्यात ठराविक अंतराने उंचवटे दिसतात. साधारण चालीत ते मिनिटाला शंभराच्या आसपास असतात. अ‍ॅपमधील गणिती कृती हे उंचवटे मोजते आणि त्यांना ‘पावले’ असे नाव देते.

म्हणजे घड्याळ पावले पाहत नाही, ते हिसके मोजते. एकदा हे समजले की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात. पुस्तके छातीशी धरून चालले की हात हलत नाही आणि मनगटावरचे घड्याळ पावले गाळते. उलट बसल्या जागी हात तालात हलविला तर न टाकलेली पावलेही जमा होऊ शकतात. सायकलीवर पाय सतत फिरतात, पण मनगट हँडलवर स्थिर असते. सायकलीची नोंद वेगळी ठेवण्याची सोय वापरली नसेल, तर त्या मुलीचे ८ किलोमीटर घड्याळाच्या हिशेबी जवळजवळ आलेच नाहीत!

‘किती कॅलरी खर्च झाल्या’ हा आकडा तर आणखी दूरचा. तो हालचाल, नाडी, वजन, वय यांवरून बांधलेला अंदाज असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली मनगटावरील सात उपकरणे तपासण्यात आली. त्यांपैकी सहांनी नाडीचे ठोके बऱ्यापैकी अचूक दाखविले. परंतु खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली.

दहा हजार हा आकडा कोठून आला?

रोज १०,००० पावले चाललेच पाहिजे, असे अनेक अ‍ॅप सांगतात. या आकड्याचा उगम जपानमध्ये आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, तेथे कमरेला लावण्याचे एक पाऊलमापक विक्रीस आले. त्याचे नाव ‘मान्पो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचा मापक’. आकडा लक्षात राहण्याजोगा होता, तो रूढ झाला. त्याची कसोशीने तपासणी पुढे झाली. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते. हा फायदा सुमारे ७,५०० पावलांपर्यंत वाढत गेला व पुढे जवळजवळ स्थिर राहिला. हा निष्कर्ष वृद्ध स्त्रियांविषयीचा आहे, तो तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. मात्र १०,००० ही काही उत्तीर्ण होण्याची रेषा नव्हे, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

तुमच्या वयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले मार्गदर्शन पावलांत नसून मिनिटांत आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी, असे त्यात सांगितले आहे. मध्यम म्हणजे किती? बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की ती हालचाल मध्यम समजावी. कबड्डी, पोहणे, दोरीवरच्या उड्या, सायकल हे सारे त्यात बसते.

करून पाहा

प्रयोग १. मैदानावर टेपने ५० मीटर अंतर आखा. नेहमीच्या चालीने चालून पावले मोजा. ८० पावले लागली तर एक पाऊल ६२.५ सेंटिमीटर, आणि १०,००० पावले म्हणजे ६.२५ किलोमीटर. अ‍ॅपने दाखविलेल्या अंतराशी हे ताडून पाहा.

प्रयोग २. मोबाइल अथवा घड्याळ घेऊन, स्वतः मोजून, बरोबर १०० पावले चाला. एकदा हात मोकळे सोडून, एकदा पुस्तके छातीशी धरून, एकदा मोबाइल दप्तरात ठेवून. प्रत्येक वेळी चूक किती टक्के आली ते लिहा.

प्रयोग ३. यासाठी साधे घड्याळ पुरते. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून ३० सेकंद नाडीचे ठोके मोजा व दुप्पट करा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी फसविते. प्रथम स्वस्थ बसून, मग ५ मिनिटे भराभर चालल्यावर लगेच, आणि त्यानंतर २ मिनिटांनी अशा तीन नोंदी घ्या. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

व्यायामाची सुरुवात करताना पहिल्या आठवड्यात काहीही न बदलता केवळ नोंदी ठेवाव्यात. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटे वाढवावीत. काही आठवड्यांनी तेवढ्याच चालीनंतर नाडी अधिक लवकर पूर्ववत होऊ लागली, तर शरीर सरावत आहे असे समजावे. ज्याच्याकडे महागडे घड्याळ नाही त्यालाही हे माप तितकेच उपलब्ध आहे.

शिक्षकांना एक विनंती आहे. घड्याळातील आकड्यांवरून वर्गात क्रमांक लावू नयेत. तसे केल्यास आपण मुलांचा व्यायाम न मोजता त्यांच्या मनगटाचे हिसके मोजू. त्यापेक्षा प्रत्येकाने आपली तुलना आपल्याच मागील महिन्याच्या नोंदींशी करावी.

आता त्या सायकलवाल्या मुलीकडे वळू. तिने शाळेत पोचताच नाडी मोजली, तर तिच्या ४ किलोमीटरांचा हिशेब तिचे हृदयच देईल. घड्याळाचे आकडे तिने जरूर पाहावेत, पण त्यांत काय धरले आहे आणि काय सुटले आहे हे ओळखून पाहावेत. नैनसिंगांनी आपली माळ अशीच वापरली होती.