ऐकलेली बातमी व विचारलेली गोष्ट

शास्त्रपाठ : यहोशवा २२:१०-३४

देवाच्या लोकांत एकदां केवळ एका बातमीवरून आपसांत लढाई होण्याची वेळ आली होती. रऊबेनी, गादी व मनश्शेचा अर्धा वंश यांनीं यार्देनेजवळ मोठी वेदी बांधिली, असें इतर इस्राएलांच्या कानीं आलें. बातमी खोटी नव्हती. वेदी खरोखरच होती. परंतु ती कां बांधिली, हें कोणीं विचारिलें नव्हतें. हे लोक परमेश्वरास सोडून गेले असा तर्क करून सर्व मंडळी शिलो येथें युद्धासाठीं जमली.

तथापि शस्त्र उचलण्यापूर्वीं त्यांनीं फीनहास याजक व दहा सरदार यांस गिलाद देशीं पाठविलें. ह्या मनुष्यांच्या वागणुकींत तीन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत.

१. ते स्वतः तेथें गेले.

२. मनांतील संशय त्यांनीं तोंडावर बोलून दाखविला, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलें. ती वेदी यज्ञासाठीं नव्हती. मध्यें यार्देन आहे, म्हणून पुढें तुमचीं मुलें आमच्या मुलांस परकीं म्हणतील, ह्या भयानें ती साक्षीसाठीं बांधिली होती.

३. आपले लोक रागांत वाट पाहात असतां त्यांनीं परत येऊन तें उत्तर जसेंच्या तसें कळविलें. मग युद्धाचें नांव कोणीं काढिलें नाहीं.

वर्तमानपत्राचें व बातमीदाराचें खरें काम हेंच आहे. तें उलट झालें म्हणजे काय होतें, हें आफ्रिकेंतील रुवांडा देशांत १९९४ सालीं दिसून आलें. तेथील हुतू व तुत्सी लोकांची भाषा एक. दोहोंतील बहुतेक ख्रिस्ती म्हणविणारे. परंतु १९९३ सालीं सुरू झालेल्या एका रेडिओ केंद्रानें तुत्सी लोकांस झुरळें म्हणून हिणविलें, आणि कत्तल चालू असतां मारावयाच्या माणसांचीं नांवेंहि सांगितलीं. सुमारें शंभर दिवसांत अजमासें आठ लक्ष माणसें मारलीं गेलीं. कित्येकांनीं ज्या मंदिरांत आश्रय घेतला, तेथेंच त्यांचे प्राण गेले.

शेजारच्या बुरुंडी देशांतहि हेच दोन समाज १९९३ पासून यादवींत सांपडले होते. तेथें बुजुंबुरा शहरीं १९९५ सालीं स्टुडिओ इजाम्बो नांवाचें रेडिओचें कार्यालय निघालें. त्यानें दोन्हीं समाजांचे बातमीदार नेमिले व त्यांस जोडीनें बातमी आणावयास पाठविलें. अशा जोडीचा लाभ असा कीं, एकास जें कोणी सांगत नाहीं तें दुसऱ्यास सांगतात, आणि एकाच्या पक्षपातास दुसरा आळा घालितो. ज्यांनीं जीव धोक्यांत घालून दुसऱ्या समाजाच्या माणसांस वांचविलें, त्यांच्या हकीकतीहि ह्या कार्यालयानें लोकांस ऐकविल्या. एवढ्यानेंच युद्ध थांबलें असें नाहीं. रक्तपात पुढें कित्येक वर्षें चालला. परंतु पलीकडच्या समाजांतहि दयाळू माणसें आहेत, हें लोकांस कळूं लागलें.

उपदेशकांनो, तुम्ही वर्तमानपत्र छापीत नाहीं, तरी गांवांत तुमच्या शब्दास साक्षीचा मान आहे. "अमक्या वाड्यांतल्यांनीं असें केलें" अशी वार्ता विहिरीवरून, बाजारांतून किंवा मोबाईलवरून आली, तर ती उपासनेंत बोलून दाखवूं नका. त्या समाजांतील एका विश्वासू गृहस्थास बरोबर घ्या, त्या ठिकाणीं जा आणि विचारा. जें ऐकाल तें आपल्या मंडळीस न आवडलें तरी खरें सांगा. खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा (निर्गम २०:१६) आपल्या शेजाऱ्याविषयीं आहे. आणि शेजारी कोण, हें प्रभूनें शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यांत दाखवून दिलें आहे (लूक १०:२५-३७).

विचारासाठीं प्रश्न

१. वेदीची बातमी खरी असूनहि तिजवरून काढलेला तर्क खोटा कसा ठरला?

२. फीनहासानें उत्तर ऐकलें, पण परत येऊन सांगितलें नसतें, तर काय झालें असतें?

३. ह्या महिन्यांत दुसऱ्या समाजाविषयीं तुम्ही कोणती गोष्ट न विचारतां पुढें सांगितली? तिच्याविषयीं आतां कोणाकडे गेलें पाहिजे?