इंग्रजी विनंतीपत्रातील क्रियापदांची रूपे

(इयत्ता पाचवी ते सातवीस इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे सातवीच्या अखेरीस विद्यार्थ्याजवळ शब्दांचा साठा बऱ्यापैकी जमलेला असतो. तथापि अपरिचित व्यक्तीस चार ओळींचे विनंतीपत्र इंग्रजीत लिहावयाचे झाले, की त्याची लेखणी अडते. किंवा न अडता भलतेच काही लिहून जाते.

हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून शिकलेली पुष्कळ मुले पुढे स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठी पुण्यास सदाशिव पेठेत येऊन राहतात. खोली, खानावळ, अभ्यासिका येथपर्यंत मराठीवर काम भागते. परंतु परप्रांतातील संस्थेकडून माहिती मागवावयाची असेल, शिष्यवृत्तीबद्दल विचारावयाचे असेल, तर पत्र बहुधा इंग्रजीतच लिहावे लागते. अशा वेळी पत्र वाचणाऱ्यास मुलाचा नम्र चेहरा दिसत नसतो. त्याच्यासमोर असते ते केवळ क्रियापद. ते उद्धट निघाले तर मुलगाही उद्धट ठरतो. म्हणून या विषयाकडे प्राथमिक शाळेतच लक्ष दिले पाहिजे.

१. दोषाचे मूळ

आपल्या अर्जाचा शेवट ठरलेला असतो: ‘तरी मला दोन दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.’ मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानतात. पैकी ‘मिळावी’ हे विध्यर्थाचे रूप होय. विध्यर्थाने कर्तव्य दाखविता येते, इच्छा दाखविता येते आणि विनंतीही करता येते. ‘मुलांनी खरे बोलावे’ यात कर्तव्य आहे; ‘रजा मिळावी’ यात विनंती आहे. रूप एक, हेतू दोन.

वर्गात भाषांतर करविताना आपण पहिल्या वाक्यासाठी ‘शुड’ शिकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु ‘-आवे म्हणजे शुड’ असे समीकरण मुलाच्या मनात पक्के बसते. मग तो लिहितो, ‘यू शुड गिव्ह मी लीव्ह.’ याचा अर्थ ‘आपण मला रजा द्यावयास हवी’ असा होतो. मुलाने विनंती करावयास घेतली आणि मुख्याध्यापकांस त्यांचे कर्तव्य सांगितले!

अशा वाक्यास ‘प्लीज’ किंवा ‘काइंडली’ जोडून ते नम्र होत नाही. सदाशिव पेठेतील दारांवरच्या पाट्या सर्वांस ठाऊक आहेत. ‘कृपया दारासमोर वाहन लावू नये’ याखाली ‘लावल्यास हवा सोडली जाईल’ असे लिहिलेले असले, की वरच्या ‘कृपया’चे वजन किती उरते? सौजन्य अव्ययात नसून क्रियापदात असते, हे मुलांस या उदाहरणाने चटकन पटते.

२. मराठीतील आधार

‘कुड’ आणि ‘वुड’ ही ‘कॅन’ आणि ‘विल’ यांची भूतकाळी रूपे आहेत, असे सांगताच मुले विचारतात, ‘काम तर उद्या व्हावयाचे आहे, मग भूतकाळ कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मुलांच्या घरातच आहे. शेजारी दारात येऊन म्हणतात, ‘जरा एक विचारायचे होते.’ विचारावयाचे असते आत्ताच, तरी ‘होते’. तसेच, ‘आपण पुस्तक पाठविलेत तर मी आभारी होईन.’ येथे ‘पाठविलेत’ हे रूप भूतकाळाचे दिसते, परंतु पुस्तक अजून पाठविलेले नाही. हा संकेतार्थ होय.

भूतकाळाचे रूप येथे काळ दाखवीत नाही, अंतर दाखविते. बोलणारा एक पाऊल मागे उभा राहतो आणि समोरच्यास नकार देण्याची मोकळीक ठेवतो. इंग्रजीतील ‘कुड’, ‘वुड’ हेच करतात. ही गोष्ट मुलाच्या जिभेवर आधीपासून आहे. ती आपण केवळ त्याच्या ध्यानात आणून द्यावयाची.

३. विनंतीच्या पायऱ्या

पुढील वाक्ये फळ्यावर रोमन लिपीत एकाखाली एक लिहावी.

(अ) ‘सेंड द बुक.’ – पाठव. (आज्ञा)
(आ) ‘प्लीज सेंड द बुक.’ – पाठवा ना. (मित्रास, घरच्यांस)
(इ) ‘विल यू सेंड द बुक?’ – पाठवाल का?
(ई) ‘कुड यू प्लीज सेंड द बुक?’ – आपणांस पाठविता येईल का? (शिक्षकांस, अपरिचितांस)
(उ) ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द बुक.’ – आपण पाठविलेत तर आभारी होईन. (औपचारिक पत्रात)

कोणती पायरी कोणासाठी, हे ठरविणे म्हणजेच सौजन्य. धाकट्या भावास पाचव्या पायरीवरून लिहिले तर ते थट्टेसारखे वाटेल, जसे त्यास ‘आपण’ म्हटल्यास वाटेल.

४. नेहमी आढळणाऱ्या चुका

पहिली: ‘कुड यू सेंट’, ‘कुड यू टू सेंड’. ‘कुड’, ‘वुड’ यांच्यापुढे क्रियापदाचे मूळ रूपच येते. भूतकाळाचे रूप नाही आणि ‘टू’ही नाही. अंतर दाखविण्याचे काम ‘कुड’ने केलेले असते, ते दुसऱ्यांदा करू नये.

दुसरी: ‘वुड यू माइंड टू सेंड’. शुद्ध रूप ‘वुड यू माइंड सेंडिंग’. ‘माइंड’ म्हणजे हरकत असणे. म्हणूनच होकार द्यावयाचा असता उत्तर ‘नो’ असे येते. ‘हरकत नाही ना?’ या प्रश्नास आपणही ‘नाही’ म्हणूनच संमती देतो.

तिसरी: ‘लुक फॉरवर्ड टू हिअर’. येथील ‘टू’ हे शब्दयोगी अव्ययासारखे आहे. त्यापुढे ‘हिअरिंग’ पाहिजे. याउलट ‘आय रिक्वेस्ट यू’ यापुढे ‘टू सेंड’ हेच बरोबर.

चौथी: ‘कुड यू टेल मी व्हॉट इज द फी’. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की क्रियापद शेवटी जाते: ‘व्हॉट द फी इज’.

पाचवी: ‘डू द नीडफुल’. कचेऱ्यांतून रुळलेला हा प्रयोग अशुद्ध नाही, परंतु त्यातून काय हवे ते कळत नाही. हवे ते स्पष्ट मागावे.

५. वर्गातील काम

पहिल्या तासास घरातील व बाजारातील मराठी विनंत्या मुलांकडून गोळा करून घ्याव्या व त्या पायऱ्यांवर मांडाव्या. दुसऱ्या तासास इंग्रजी पायऱ्या द्याव्या. तिसऱ्या तासास पुढील नमुना वाचून घ्यावा:

‘सर, आय ॲम अ स्टुडंट ऑफ क्लास सेव्हन. आय वुड लाइक टू जॉइन युअर लायब्ररी. कुड यू प्लीज टेल मी व्हॉट द फी इज? आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड मी अ फॉर्म.’

चार वाक्ये, त्यांत ‘प्लीज’ एकदाच. आणि तरीही पत्रात कोठे उणेपणा वाटत नाही, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे.

स्वाध्याय: (१) ‘यू शुड गिव्ह मी अ सर्टिफिकेट’ हे वाक्य मुख्याध्यापकांस शोभेल असे लिहा. (२) तीच मागणी वर्गमित्रास करा. (३) ‘मला एक विचारायचे होते’ अशी तीन मराठी वाक्ये आठवून लिहा.

तपासताना केवळ चूक खोडून थांबू नये; हे पत्र वाचणाऱ्यास काय वाटेल, असे मुलास विचारावे. हा प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय ज्यास लागली, त्याचे पुढील शिक्षण निम्मे झाले असे समजावे.