'हिज' की 'हर'?

प्रश्न : माझी मुलगी 'राजूची बहीण' याचं इंग्रजी 'हर सिस्टर' असं करते. कसं समजावू?

उत्तर : ही चूक मराठीच्या सवयीतून येते. 'त्याची बहीण' यातल्या 'त्या'मध्ये राजू आहे आणि 'ची'मध्ये बहीण. मुलीचं लक्ष 'ची'कडे जातं. इंग्रजीत 'ची'ला जागाच नाही. म्हणून भाऊ, बहीण, घर, काहीही असो, राजूचं ते 'हिज' आणि मीनाचं ते 'हर'. तिला आधी एकच प्रश्न विचारायला लावा : कोणाची?

नाम गाळलं की 'माय'चं 'माइन', 'हर'चं 'हर्ज' होतं. 'हिज' मात्र तसंच राहतं. नियम पाठ करून घेऊ नका. घरातल्या वस्तू दाखवून रोज बोलून घ्या.