चाल लिहून ठेव

सिंदेवाही,
कार्तिक

चि. बाळू,

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हे पत्र. धान घरात आलं की मंडई-शंकरपट लागतील, तुझ्याही नाटकाच्या रात्री सुरू होतील. यंदा संचात क्लॅरिनेटवाला नाही म्हणून तू नव्या चाली बांधणार नाहीस, आणि होळीला हंगाम संपल्यावर त्यांना विचारतो कोण, असंही म्हणालास. त्यावर व्हिक्टर उलमन या संगीतकाराची हकीकत ऐक.

आकाशवाणी सुरू होताना वाजणारी धून तुला ठाऊक आहे. ती वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराची. १९३४ साली तो मुंबईत आला, म्हणून वाचला. उलमनही ज्यू वंशाचा, पण त्याला प्राग सोडता आलं नाही. सप्टेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्याला टेरेझीनच्या छावणीत डांबलं.

तिथे त्याने ऑपेरा रचला, तो हाताशी असलेल्या कैदी वादकांसाठी. वाद्यं मोजकीच, त्यात सॅक्सोफोन, बँजो आणि चक्क हार्मोनियम! संहिता पीटर कीन या तरुण कैद्याची. एक सम्राट सगळ्या जगाशी युद्ध पुकारतो. मृत्यू चिडून संपावर जातो. माणसं मरेनाशी होतात, मग सम्राटाला भ्यायचं कोणी? शेवटी पहिला मी मरतो असं सम्राट कबूल करतो, तेव्हा कुठे मृत्यू कामावर येतो. १९४४ मध्ये तालमी झाल्या, प्रयोग झालाच नाही. ऑक्टोबरमध्ये उलमनला ऑशविट्झला नेऊन मारलं. कीनही तिथेच गेला.

छावणीमुळे उलमनची कला फुलली असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. छावणीने त्याला मारलं, एवढंच खरं. आपल्या अडचणीची त्याच्याशी बरोबरीही करायची नाही. शिकायचं ते त्याच्या कामातून.

ऑशविट्झच्या गाडीत बसण्याआधी त्याने हस्तलिखितं छावणीतलेच एक कैदी एमिल उटिट्झ यांच्याकडे ठेवली. उटिट्झ वाचले, कागदही वाचले. १९७५ मध्ये ॲमस्टरडॅमला त्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. रचणारा आणि लिहिणारा दोघेही नव्हते, तरी तो उभा राहिला, कारण स्वर कागदावर होते.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांत संवाद प्रॉम्प्टरच्या वहीत तरी उरतात. चाल मात्र ऑर्गनवाल्याच्या बोटांत असते, आणि त्याने संच बदलला की तीही जाते. म्हणून क्लॅरिनेटची वाट पाहू नकोस. ऑर्गन, तबला, ढोलकीवर काय निघतं ते बघ आणि तेवढ्यातच पुरं कर. मग वहीत उतरव: सूर कोणता, ताल कोणता, कोणत्या वाक्यावर उचलायचं, मधले तुकडे कसे. अक्षर असं काढ की दुसऱ्याला तुला न विचारता वाजवता यावं. एक प्रत स्वतःजवळ ठेव, दुसरी दुसऱ्याच्या घरी.

पहिल्या नाटकाची वही झाली की माझ्याकडे पाठव. आधी पेटीवर वाजवून बघीन. जिथे अडेन तिथे तुझं लिहिणं कच्चं समज.

तुझा,
मामा