राउटर वाढवले, तरी फोन जुनाच धरून बसतो

जोडफ्लॅटमध्ये किंवा पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये वाय-फाय लावून घेणाऱ्याला एकच उत्तर मिळतं: "साहेब, अजून एक राउटर टाका, पॉवर हाय करून देतो." एवढं करूनही हॉलमधून बेडरूममध्ये जाताना कॉल तुटला, तर दोष तुमच्या मोबाइलचा, नाहीतर बिल्डरच्या भिंतीचा. या उत्तराचा मला संताप येतो, कारण चूक लावणाऱ्याची आणि बिल ग्राहकाच्या माथी. माझं म्हणणं सरळ आहे. घरात एकाहून जास्त राउटर असतील, तर दुखणं बहुतेक वेळा सिग्नल कमी पडण्याचं नसतं. फोन जुना राउटर वेळेवर सोडत नाही, हे खरं दुखणं असतं, आणि पॉवर वाढवली की ते बळावतं.

मोबाइल नेटवर्कमध्ये चालू कॉल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवायचा निर्णय कंपनीचं नेटवर्क घेतं. वाय-फायमध्ये तो निर्णय फोन घेतो. अ‍ॅपलने आपला नियम जाहीर केलेला आहे: सिग्नल −७० डीबीएमच्या खाली उतरल्याशिवाय आयफोन दुसरा राउटर शोधायलाच लागत नाही, आणि डेटा चालू असताना नवा सिग्नल ८ डीबीने सरस असेल तरच तिकडे जातो. आता बोरिवलीतला एखादा जोडफ्लॅट डोळ्यांसमोर आणा. समजा, हॉलमधल्या राउटरचा सिग्नल मागच्या बेडरूममध्ये −६८ भरतो आणि त्याच खोलीत ठेवलेला दुसरा राउटर −४० देतो. फोनच्या लेखी −६८ चालण्यासारखा आहे, म्हणून तो दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. हॉलच्या राउटरची पॉवर ६ डीबीने उतरवा. बेडरूममध्ये तोच सिग्नल −७४ होतो, फोन शोधाला लागतो आणि जवळच्या राउटरवर जातो. उलट पॉवर ३ डीबीने चढवली, तर −६५ वर तो आणखी घट्ट चिकटतो. शिवाय राउटरची पॉवर वाढवली म्हणून फोनची वाढत नाही. पट्ट्या दिसतात त्या राउटरकडून येणाऱ्या सिग्नलच्या. फोनकडून परत जाणारा सिग्नल किती पोहोचतो, ते पट्ट्या सांगत नाहीत. पट्ट्या भरलेल्या आणि समोरच्याला आवाज तुटक, हा प्रकार बऱ्याचदा तिथूनच येतो. २०१९च्या अखेरीपासून आपल्याकडे साधे कॉलही वाय-फायवरून होऊ लागले आहेत, त्यामुळे हा त्रास आता नेट वापरण्यापुरता उरलेला नाही.

यावर लगेच म्हणतील, पॉवर कमी केली तर कोपऱ्यात रेंज जाईल. राउटर एकच असता तर गेली असती; दोन असताना प्रत्येकाने आपला अर्धा भाग सांभाळायचा असतो. दुसरा आक्षेप भिंतीचा. मायवान पद्धतीच्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि त्या सिग्नल अडवतात, हे खरं. पण दोन राउटरची हद्द आखायला तीच भिंत उपयोगी पडते. दोन फ्लॅट जोडताना जिथे दार फोडलं, त्या दारात दोन्हींचा सिग्नल साधारण −६५ मिळेल अशी मांडणी करावी. तिसरा आक्षेप, "मग मेश घ्या," म्हणजे आपसात जोडलेल्या राउटरचा संच. मेशमध्ये वाय-फायच्या ८०२.११ मानकाचे के, व्ही आणि आर हे भाग असतील तर फोनला आजूबाजूच्या राउटरची यादी मिळते, हलण्याची सूचना मिळते आणि पुन्हा जोडणी लवकर होते. मात्र सूचना मानायची की नाही, हे शेवटी फोनच ठरवतो. शिवाय मेशचे दोन राउटर काँक्रीटमधून बिनतारी बोलत असतील, तर महागडा संचही रडतो. हे विकताना कोणी सांगत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला केबलचा. पझेशन मिळालं की फर्निचरवाल्याच्या आधी दोन्ही टोकांपर्यंत कॅट-६ टाकून घ्या, विजेच्या तारांपासून वेगळ्या पाइपातून. दोन्ही राउटरना नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच ठेवा. दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे आयपी पत्ते वाटण्याचं काम, बंद करून केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा. नाहीतर खोली बदलली की आयपी पत्ता बदलतो आणि कॉल हमखास तुटतो. २.४ गिगाहर्ट्झची पॉवर ५ गिगाहर्ट्झपेक्षा ६ डीबीने कमी ठेवा आणि चॅनेल १, ६, ११ यांतलेच निवडा. ८०२.११ आर चालू केल्यावर जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग जोडला जात नसेल, तर त्याला वेगळं नाव द्या. सिग्नल कमकुवत झालेल्या फोनला राउटरने हाकलून द्यायची सोय जपून वापरा. मर्यादा चुकली तर फोन जोडणी-तोडणीच्या फेऱ्यातच अडकतो. फर्मवेअर अद्ययावत ठेवा, बिल जपून ठेवा, हे तर झालंच.

आणि शेवटचा हप्ता हातात ठेवा. मोबाइल डेटा बंद करून व्हिडिओ कॉल लावा आणि काम करणाऱ्याला सोबत घेऊन घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. फोन कोणत्या राउटरवर आहे ते राउटरच्या अ‍ॅपमध्ये पाहत राहा. कॉल टिकला आणि राउटर बदलला, दोन्ही झालं, तरच पैसे द्या. "मोबाइल बदला" हे उत्तर मान्य करू नका. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा मोबाइल आपण बदलू शकत नाही, राउटरची मांडणी मात्र बदलता येते, आणि लावणारा पैसे त्याच कामाचे घेतो.