नवघरहून परदेशी निघताना : बिनपगारी इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी

भाईंदरच्या नवघर रोडवरून अमेरिकेला किंवा इंग्लंडला निघालेल्या जोडप्यात बहुधा एकाच्याच हातात नोकरी असते. दुसरी व्यक्ती, बऱ्याचदा बी.एड. होऊन चार वर्षं शाळेत शिकवलेली बायको, जोडीदाराच्या व्हिसावर जाते. इंग्लंडमध्ये अशा जोडीदाराला साधारणपणे काम करता येतं. अमेरिकेत एच-फोर व्हिसावर येत नाही. २६ मे २०१५ पासून काही एच-फोरधारकांना कामाचा परवाना मिळू लागला, पण तो मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलंय त्यांनाच. बाकीच्यांना तिथे मुरलेली मराठी कुटुंबं एक सल्ला हमखास देतात : जवळच्या वाचनालयात जा, स्थलांतरितांना इंग्रजी शिकव, तेवढाच वेळ जाईल. सल्ला चांगला आहे, त्यामागचं कारण मात्र चुकीचं आहे. वेळ घालवायला धरलेलं हे काम पहिल्या थंडीतच सुटतं. समोर बसलेला माणूस रात्रपाळी करून, मूल शेजारणीकडे ठेवून, दोन बस बदलून आलेला असतो. त्याच्यासाठी हे दोन तास फार मोलाचे असतात. म्हणून पगार नसला तरी हे काम नोकरीसारखंच धरावं, आणि ते करायची पात्रता आपल्याकडे आहे हे मनाशी पक्कं करूनच जावं.

पात्रतेची शंका सगळ्यांनाच येते. आपले उच्चार तिथल्यांसारखे नाहीत, मग आपण कुणाला इंग्रजी काय शिकवणार? या शंकेला अभ्यासकांनी केव्हाच उत्तर दिलंय. इंग्रजी जन्मापासून बोलणाराच इंग्रजीचा उत्तम शिक्षक, ही समजूत निराधार असल्याचं रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२च्या पुस्तकात मांडलं. पीटर मेजेश यांनी १९९४मध्ये परभाषक शिक्षकांची बलस्थानं सविस्तर दाखवली. आपल्याकडचा पुरावा तर घरातलाच आहे. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २०००मध्ये आलं. त्याआधी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. त्या वाटेने आलेल्या माणसाने इंग्रजी नुसतं उचललेलं नसतं, ते नियम समजून, चुका करत, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारख्या पुस्तकांतून घोकून कमावलेलं असतं. ‘ए’ आणि ‘द’ कुठे लावायचं हे जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्याला कानाने कळतं, पण का ते सांगता येतंच असं नाही. मराठीत अशी उपपदं नाहीत, त्यामुळे आपण ते कधीतरी शिकलेले असतो. रशियन किंवा चिनी बोलणाऱ्याच्या भाषेतही ती नाहीत, आणि तो नेमका तिथेच अडतो. ती अडचण ओळखणं हे शिक्षकाचं निम्मं काम. उच्चारांकडे दुर्लक्ष करावं असा याचा अर्थ नाही. व्ही आणि डब्ल्यू आपण एकाच ‘व’मध्ये उरकतो, तेवढ्यासाठी ध्वनिफीत लावावी आणि वर्गाला दोन्ही ऐकवावं.

नवघरकराकडे आणखी एक भांडवल असतं. एका जिन्यात गुजराती, मारवाडी, हिंदी आणि मराठी ऐकत मोठं झालेल्या माणसाला अर्धवट समजलेल्या बोलण्यातून अर्थ काढायची सवय असते. अफगाणिस्तान, ग्वाटेमाला आणि सोमालियाची माणसं एका टेबलाभोवती बसतात आणि त्यांच्यात एकही समान भाषा नसते, तेव्हा ही सवय कामी येते. जुलै २०२५मध्ये आपल्याच मीरा-भाईंदरमध्ये भाषेवरून मोर्चे निघाले. भाषेत पोटाचा आणि मानाचा प्रश्न किती गुंतलेला असतो, हे या शहराच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्या जाणिवेने वर्गात शिरावं.

दिवसाची आखणी वर्गाभोवती करावी. आठवड्यातून दोन सकाळी वर्ग असतील, तर आदल्या संध्याकाळी तासभर तयारीला लागतो. आपल्याकडे दारात रिक्षा मिळते. तिथल्या उपनगरात बस तासाला एक असू शकते, म्हणून वेळापत्रक पाठ असावं. वर्गात व्याकरणाच्या तक्त्यांपेक्षा रोज हाती येणाऱ्या वस्तू जास्त शिकवतात. औषधाची रिकामी बाटली घ्या, रुग्णाचं नाव खरवडून टाका आणि चिठ्ठी वाचायला द्या. ‘ट्वाइस डेली’वर गाडी अडते, कारण शिकणाऱ्याला ‘टू टाइम्स’ माहीत असतं, ‘ट्वाइस’ नसतं. एका शब्दावर औषधाची मात्रा चुकू शकते. तारखेचंही तेच. ०७/०८ म्हणजे आपल्याला सात ऑगस्ट, अमेरिकेत आठ जुलै. आपणही त्यात फसू शकतो, म्हणून ते जास्त काळजीने शिकवतो. फोनवरचं बोलणं शिकवताना दोघांना पाठीला पाठ लावून बसवा. हातवारे बंद झाले की काय येत नाही ते लगेच कळतं. आपली मान डोलवायची सवय मात्र आवरावी. आपला होकार समोरच्याला नकार वाटतो आणि बरोबर उत्तर दिलेला माणूस ते पुसून टाकतो. आईच्या वयाच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणं जड जातं, पण तिथे तीच रीत असते. कुणाला कशी हाक आवडेल ते पहिल्याच दिवशी विचारावं.

फुकट राबवून घेतलं जातंय, ही तक्रार मी गंभीरपणे घेते. काही ठिकाणी ती खरीही असते. कायद्याची रेषा इथेच आहे : जी जागा एरवी पगारी असते ती फुकट भरणं व्हिसाच्या दृष्टीनेही धोक्याचं ठरू शकतं, आणि मानधन किंवा मोबदल्यादाखल काही वस्तू घेतली तर स्वयंसेवा स्वयंसेवा राहत नाही. म्हणून ज्यांच्याकडे स्वयंसेवकांची रुळलेली व्यवस्था आहे तिथेच जावं. अमेरिकेत साक्षरतेच्या स्वयंसेवी कामाची परंपरा जुनी आहे. त्यातल्या दोन मोठ्या संस्था २००२मध्ये एकत्र येऊन प्रोलिटरसी ही संस्था झाली. ऑस्ट्रेलियात प्रौढ स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम १९४८पासून चालतो आणि त्यात स्वयंसेवक शिक्षकांना जागा आहे. मुलाकडे राहायला आलेल्या निवृत्त शिक्षकांनी जास्त जपावं : इंग्लंडच्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण तीसच दिवस स्वयंसेवा करता येते.

मग मराठीच का शिकवू नये, असं तिथल्या महाराष्ट्र मंडळातली माणसं विचारतात. जरूर शिकवावी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं. आपल्या मुलांसाठी चालणाऱ्या मराठी शाळांनाही शिक्षक लागतात. पण त्या बहुतेक शनिवार-रविवारी भरतात आणि तिथे भेटतात ती आपलीच माणसं. आठवड्यातल्या मधल्या दिवशी इंग्रजीच्या वर्गात बसलं की परका देश परक्यांच्याही नजरेतून दिसतो, आणि नव्या मुलखात पाय रोवायला ते फार लवकर उपयोगी पडतं.

निघण्याआधीची कामं नवघरमध्येच उरकावीत. शाळेकडून अनुभवाचं पत्र घ्या; त्यात वर्ग, विषय आणि तारखा स्पष्ट असाव्यात. बी.एड.च्या गुणपत्रिकांच्या प्रती सोबत ठेवा. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रही काढून ठेवावं, कारण मुलांशी किंवा दुबळ्या माणसांशी संबंध येणाऱ्या कामासाठी तिकडे पार्श्वभूमी तपासतात आणि काही संस्था मायदेशाचा दाखला मागतात. ती तपासणी होईपर्यंत अनुभवी शिक्षकाच्या वर्गात नुसतं मागे बसू द्याल का, असं विचारून पाहा.